एक पळी तेलाचं मौन

"सूनबाई, बाकी काय वाटेल ते विसर, पण नात वीस वर्षांची झाली की तिला मनोऱ्यात बसवायला विसरू नकोस. वचन दे मला."

सासूबाईंचं हे शेवटचं सांगणं. तसं म्हटलं तर त्यानंतरही त्या "उशी जरा वर कर" आणि "तो नळ गळतोय" असं म्हणाल्या होत्या, पण वचन फक्त मनोऱ्याचं मागितलं. मी दिलं. नळ अजून गळतो.

आमच्या घराण्यात मुली मनोऱ्यात बसतात. राजघराणं म्हटलं की ते आलंच. लोकांना वाटतं, राजघराणं म्हणजे सोन्याचे खांब आणि दारात हत्ती. आमचं राज्य साडेतीन गल्ल्यांचं, आणि त्यातली अर्धी गल्ली नेमकी कुणाची, यावर पलीकडच्या राज्याशी तीन पिढ्या पत्रव्यवहार चालू आहे. सिंहासनाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली पुठ्ठ्याची घडी असते, आणि त्या बाजूला भार न देता न्याय कसा द्यायचा, हे आमच्या ह्यांना आता चांगलं जमतं. मुकुट घातला की ह्यांचा चष्मा बसत नाही, त्यामुळे काही महत्त्वाचं वाचायचं असलं की राजेपण काढून खुंटीला लावावं लागतं.

मी स्वतः माहेरी चौदा महिने मनोऱ्यात बसले होते आणि हे मला सोडवायला आले, असं सगळे सांगतात. मला खोटं चालत नाही, म्हणून लिहून टाकते: हे शेजारच्या मनोऱ्यासाठी निघाले होते. पत्ता चुकला. वर येऊन धापा टाकत "पाणी मिळेल का?" म्हणाले. मी दिलं. मग एवढे जिने उतरून पुन्हा दुसरीकडे चढायचं ह्यांच्या जिवावर आलं, आणि आमचं जमलं.

खोटं न बोलणं हा माझा तिसरा नेम. पहिला नेम असा की पहाटे देवापुढे दिवा लावायचा, त्यात एक पळी तेल घालायचं आणि ते संपून दिवा आपला आपण शांत होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. फुंकर मारून दिवा विझवायचा नाही, हे त्यात आलंच. दुसरा नेम, आपण जेवण्याआधी एका भुकेल्या जिवाला वाढायचं. आणि ज्यानं आपल्या हातचं खाल्लं, त्याला आपल्या उंबरठ्याच्या आत इजा होऊ द्यायची नाही. अकराव्या वर्षापासून हे तिन्ही नेम पाळतेय. रोज एखादी चिमणी, मांजर, कधी पोस्टमन. आपल्या नेमांचा कुणाला त्रास नाही, असा माझा गोड समज होता.

आता आमची किल्ली. हे तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव राजघराण्याला शोभेल इतकं लांब आहे आणि फक्त आमंत्रणपत्रिकेवर लागतं. चौथ्या वर्षी तिनं केसांतल्या पिनेनं खजिन्याचं कुलूप उघडलं (आत ह्यांचे जुने बूट होते), तेव्हापासून सगळे तिला किल्ली म्हणतात. राज्यातली निम्मी कुलपं तिनं दुरुस्त केलेली आहेत, आणि उरलेली कधी बिघडतील याची ती वाट बघत असते.

वीस पूर्ण झाल्या दिवशी मी तिला जवळ बसवलं. डोळे पुसायला रुमाल हाताशी ठेवला होता.

"बाळ, तुला आता मनोऱ्यात बसायचंय."

"ती खोली माझी एकटीची?"

"हो गं."

"बाबांची वर्तमानपत्रं?"

"काढू ना."

"मग आजच बसू?"

मी रुमाल घडी करून ठेवून दिला.

वर्तमानपत्रं काढणं मात्र बोलण्याइतकं सोपं नव्हतं. राज्याभिषेकापासूनची होती. हे मदतीला आले आणि पहिल्याच गठ्ठ्यावर मांडी घालून बसले. "अगं, हे बघ, त्या वर्षी कांदा किती स्वस्त होता!" तीन दिवसांत ह्यांनी नऊ अंक बाहेर काढले. मग उरलेले गठ्ठे भिंतीला लावून त्यांवर चादर टाकली आणि त्याला आसन म्हणायचं ठरलं.

विधीप्रमाणे मी दाराला मोठं कुलूप लावलं, मन घट्ट केलं आणि ब्याऐंशी पायऱ्या उतरून स्वयंपाकघरात आले. किल्ली तिथे दूध पीत उभी होती.

"आई, ते कुलूप आतून ढिलं आहे गं. कुणीही उघडेल. मी चांगलं बसवते."

तेव्हा असं ठरलं की तिनं मनोऱ्यात बसायचं, जेवायला खाली यायचं आणि कुणी विचारलं तरच सांगायचं. तिनं दाराला नवं कुलूप करायला घेतलं. ओढलं की आपोआप लागणारं, आणि खिळा नेमका कुठे टोचायचा ते माहीत असल्याशिवाय न उघडणारं. "नमुनेदार होईल बघ," ती म्हणाली. मला तिच्या बोलण्याचा अभिमान वाटला, आणि मनोऱ्यात बसलेल्या मुलीच्या आईनं अशा गोष्टीचा अभिमान बाळगावा का, याचा संकोचही वाटला.

पुढची पायरी नोंदणीची. मनोरा नोंदणी कार्यालयात खिडकीमागे एक साहेब बसतात. त्यांच्या खिशाला तीन पेनं असतात आणि ते लिहितात चौथ्यानं.

"आपण?"

"मी राणी."

"कशावरून?"

मी घाईत साधी चप्पल घालून आले होते. मागच्या रांगेतला दूधवाला म्हणाला, "राणीच आहेत हो. तीन महिने झाले, दूध पातळ आहे म्हणून रोज सांगतात." ही ओळख साहेबांना पटली. मला ती आयुष्यभर पुरेल.

"मनोऱ्याची उंची?"

"अट्ठेचाळीस हात."

"साठ लागते. सासूबाईंच्या काळच्या नोंदीत साठ आहे. वरचे बारा हात कुठे गेले?"

दुसरी कुणी असती तर वाऱ्यानं पडले म्हणाली असती. मी म्हटलं, "स्वयंपाकघराच्या भिंतीत आहेत." साहेबांनी ते लिहून घेतलं आणि अर्ज परत दिला.

घरी येईपर्यंत बातमी साडेतीन गल्ल्यांत पोचली होती. परीट म्हणाला, मनोऱ्याभोवती खंदक खणा, खोली उंचीत धरतात. दूधवाला म्हणाला, खंदक नको, डास होतात. डॉक्टरांनी शंभर वर्षांची झोप सुचवली. "बसण्यापेक्षा झोपलेली बरी. एक गोळी, जेवणानंतर. पथ्य काही नाही."

शेवटी पलीकडच्या राणीसाहेब आल्या. अर्ध्या गल्लीवाल्या. त्यांच्या तिन्ही मुली महिन्याच्या आत सुटल्या, त्यातली धाकटी तर चार दिवसांत, तेही मधे सुट्टी असून. हे त्या भेटल्यावर सांगतात आणि निघतानाही सांगतात.

"अहो, ड्रॅगन ठेवा ड्रॅगन! दाराशी ड्रॅगन असला की बारा हात माफ. आणि माझा भाचा आहेच. त्याला नुसता निरोप गेला की काम झालं म्हणून समजा."

"पण ड्रॅगन घरात..."

"घरात कशाला? अंगणात. तुम्ही फारच साध्या बाई!"

मला साधी म्हटलं की मी काहीही करते. मी मनोरा खात्यातून ड्रॅगन मागवला.

तो आठवड्यानं आला. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: ड्रॅगन, नग एक, वापरलेला. आणणाऱ्या माणसानं माझ्या तीन सह्या घेतल्या, पावती हातात दिली आणि मागे न बघता निघून गेला. ड्रॅगन फाटकाशी उभा. पंख साखळीनं बांधलेले, साखळीला खात्याचं कुलूप. तो खोकला तेव्हा नाकातून थोडा धूर आला, आणि त्यानं तो लाजून पंजानं बाजूला सारला.

"मावशी, मी कुठे बसू?"

वय विचारलं तर म्हणाला, तीनशे चौदा. माझ्या सहा पणजोबांच्या वयाचा! त्याला 'अहो' म्हणावं की 'अरे', हा मला पेच पडला. पण ज्यानं आल्या आल्या मावशी म्हटलं, त्याला अहो-जाहो कोणत्या तोंडानं करायचं?

"जेवलास का रे?"

तो आपल्या नखांकडे बघायला लागला.

"शेवटचं कधी जेवलास?"

"मंगळवारी. महिना आठवत नाही."

दुपारचे बारा वाजले होते आणि माझं जेवण व्हायचं होतं. नेमाला त्या दिवशी चिमणी आली नव्हती. हा आला होता. मी भाताचं पातेलं त्याच्यापुढे ठेवलं. मग दुसरं. मग भोपळे, सालीसकट. पातेलं गरम होतं, खाली टेकायला काही हवं म्हणून मी ती पावतीच त्याखाली सारली. ह्यांनी वर्तमानपत्राआडून विचारलं, "आपण राजपुत्र खाता ना?"

"नाही हो काका. चिलखत पचत नाही."

मी त्या दिवशी पाच वाजता जेवले.

संध्याकाळी किल्ली मनोऱ्यातून उतरून त्याच्या साखळीपाशी बसली. "किती वर्षं आहे हे कुलूप?"

"ऐंशी."

"ह्या असल्या कुलपात ऐंशी वर्षं?" तिला ड्रॅगनपेक्षा कुलपाचीच लाज वाटली. तिनं पीन काढली, दोनदा फिरवली, साखळी गळून पडली. ड्रॅगननं पंख उघडून बघितले. कुठल्याही जुन्या छत्रीसारखे ते करकरले. उडणं लगेच जमेना, पण दोरीवरचे कपडे पाच मिनिटांत वाळले.

मग तो हळूच म्हणाला, "माझी ताई आहे. तीन डोंगरांपलीकडे, अशाच एका मनोऱ्यापाशी. तिच्याही पंखांना..."

"मी काढीन," किल्ली म्हणाली. "वचन."

मी दारात उभी होते. ह्या घरात वचनं फार पटकन दिली जातात, असं मला वाटलं. पण तो प्रघात मीच पाडला होता, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

किल्ली मनोऱ्यात बसल्याचा नववा दिवस. पहाट. मी दिवा लावून बसले होते. जेमतेम वात धरली असेल नसेल, तोच दार वाजलं. पलीकडच्या राणीसाहेब, त्यांचा भाचा आणि चार पेनंवाले साहेब. इतक्या पहाटे! "चांगल्या कामाला उशीर नको," असं म्हणत राणीसाहेब थेट आत आल्या. भाच्यानं माझ्याकडे बघितलं नाही, मनोऱ्याकडेही बघितलं नाही. तो सरळ अंगणात गेला आणि भाजीवाल्याकडे कलिंगड बघावं तसं झोपलेल्या ड्रॅगनचं डोकं टिचकी मारून बघून आला.

"छान आहे. सात झालीत माझ्या दिवाणखान्यात. हे मधोमध बसेल."

मी ऐकत होते.

"आणि मुलगी?" साहेबांनी फॉर्म बघत विचारलं.

"ती तुम्ही ठेवून घ्या हवं तर. मला मुंडक्याशी मतलब."

साहेबांनी वाचून दाखवलं. नियम सातवा: राजघराण्यातील व्यक्तीनं ड्रॅगनचा वध करावा, मुंडकं अधिकाऱ्यासमोर हजर करावं आणि मग मनोऱ्यात अडकलेल्या व्यक्तीची सुटका करावी. त्याशिवाय सुटका नोंदली जाणार नाही.

"वधाला कुणाची हरकत? तीन श्वासांच्या आत सांगावी."

मी मान हलवली. दोन्ही हात हलवले. उठून त्यांच्यापुढे उभी राहिले आणि गळ्यापाशी हात नेऊन 'नको नको' अशी खूण केली. त्याचा अर्थ भाच्यानं 'इथून कापा' असा घेतला.

"हावभाव नियमात बसत नाहीत," साहेब म्हणाले. "तोंडी हवी. एक..."

किल्ली वर झोपलेली. हे आंघोळीला. दिव्यात पळीभर तेल जसंच्या तसं. समोर ज्योत, आणि एक फुंकर मारायचा अवकाश.

"दोन... तीन. मौन म्हणजे संमती." शिक्का बसला. "परवा, अकरा वाजता."

तासाभरानं दिवा शांत झाला आणि मी मोठ्यानं म्हणाले, "माझी हरकत आहे!" तोवर समोर फक्त दूधवाला उरला होता. तो म्हणाला, "अहो, आज तर दूध घट्ट आहे."

किल्लीला सगळं कळलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, एक फुंकर! एवढीशी!"

"नेम आहे माझा."

"त्याची मान आहे, आई!"

ड्रॅगन मधे पडला. "ताई, मावशींना बोलू नका. मला आलो तेव्हाच माहीत होतं. पावतीच्या पाठीमागे छापलेलं असतं ते."

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही भात वाढत होता. मधेच बोलणं बरं दिसेना."

मी आत जाऊन पावती शोधली. तिच्यावर पातेल्याचा गोल डाग पडला होता, आणि डागाच्या बरोब्बर मधे सातवा नियम होता.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच मी खिडकीशी हजर होते. चांगली चप्पल घालून.

"हरकत नोंदवायचीय."

"मुदत संपली. तीन श्वास होते."

"मी मौनात होते."

"मौनाचा दाखला?"

"तो कोण देतं?"

"ज्याच्यासमोर मौन धरलं, त्यानं."

"मी देवासमोर धरलं होतं."

"मग त्यांची सही आणा," साहेब म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

मी देवाला अशा कामांसाठी त्रास देत नाही. घरी आले. येताना रस्ताभर विचार केला, पण वाट सापडेना. किल्लीला मनोऱ्यातून तशीच काढावी, तर शिक्क्याशिवाय ते बसणं धरत नाहीत आणि सासूबाईंना दिलेलं वचन मोडतं. वर ड्रॅगन खात्यात परत जातो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी भिंतीवर लागतो. तसंच चालू द्यावं, तर माझ्या हातचा भात खाल्लेला जीव माझ्याच अंगणात मारला जातो. ह्यांना विचारलं. ह्यांनी मुकुट काढला, चष्मा लावला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तू बघ. तुला कळतं." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ह्यांनी मला सगळ्यात मोठ्या संकटांत हेच सांगितलंय. राग येतो, पण दरवेळी त्यानंतर मला खरंच काहीतरी सुचतं, हेही खोटं नाही.

त्या संध्याकाळी मी दुकानातून तांदळाची दोन पोती आणली.

अकरावा दिवस. पावणेअकरा वाजता मी ड्रॅगनला पान वाढलं. किल्ली मदतीला खाली आली होती, भोपळे चिरत होती. बरोबर अकराला पाहुणे आले. राणीसाहेबांनी बसायला स्वतःची खुर्ची आणि वारा घ्यायला पंखा आणला होता. भाचा डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात. चालताना भांड्यांची मांडणी पडल्यासारखा आवाज होत होता.

"उठव त्याला," भाचा म्हणाला.

"जेवतोय तो," मी म्हटलं. "जेवत्याला उठवत नाहीत. जेवण झालं की बघा."

साहेबांनी नियमावली चाळली. जेवत्या ड्रॅगनबद्दल तिच्यात काही नव्हतं.

"अहो, पण किती वाढणार?" राणीसाहेब म्हणाल्या.

"तो पुरे म्हणेपर्यंत."

ड्रॅगननं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. दुसरं पातेलं कलतं केलं. तिसरं झालं. चौथं झालं. ऊन वर चढलं तसं चिलखत तापायला लागलं. आतून आधी घामाचा, मग रागाचा आवाज येऊ लागला. सहाव्या पातेल्याला भाचा म्हणाला, "ह्याचं चालू दे! मी तोवर ते मुलीचं उरकून येतो!"

आणि तलवार हातात घेऊन खणखणत मनोरा चढायला लागला.

किल्ली माझ्या शेजारी होती. हातात भोपळ्याची फोड. त्यानं "मुलगी कुठे आहे?" असं विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. नेम म्हणजे नेम. त्यानं विचारलं नाही. ज्याला सोडवायचं ती समोर उभी असली तरी ओळखू येऊ नये, याला मी तरी काय करणार?

ब्याऐंशी पायऱ्यांवर खणखणाट वर वर गेला. मग त्याच्यामागे दार आपटल्याचा आवाज आला. मग बारीकसं 'कट्'.

"लागलं," किल्ली म्हणाली. "कालच तेल घातलं होतं."

मग दार ओढल्याचा आवाज, दारावर लाथा, तलवारीचे घाव, आणि खिडकीत लाल झालेला चेहरा. "दार उघडा! काय चावटपणा आहे हा! मावशी! ओ मावशी!"

ड्रॅगनच्या हाकेची सवय, त्यामुळे मीच "काय रे?" म्हणणार होते. पण ती हाक राणीसाहेबांना होती. त्यांचा पंखा हातातच थांबला होता. ह्यांनी खालून वर ओरडून सांगितलं, "चादरीखाली वर्तमानपत्रं आहेत! चाळत बसा! पाचव्या गठ्ठ्यात कांद्याचे भाव आहेत!"

"अहो साहेब, सोडवा ना माझ्या भाच्याला कुणीतरी!"

साहेब घाम पुसत म्हणाले, "मनोऱ्यात अडकलेल्या व्यक्तीला राजघराण्यातल्याच व्यक्तीनं सोडवायचं असतं. त्याशिवाय..."

"मी जाते," किल्ली म्हणाली. हात धुतले, पुसले, केसांतली पीन काढली आणि वर गेली. भाचा उतरताना तिचा हात धरून उतरला. तलवार दारात रुतून वरच राहिली होती. खाली आल्यावर तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "पाणी मिळेल का?" मी दिलं. मला एकदम वीस-पंचवीस वर्षं मागे गेल्यासारखं झालं. पण ह्याच्यापेक्षा आमचे हे दिसायला बरे होते.

सगळे बैठकीत आले. साहेबांनी टेबलावर नोंदवही उघडली, कारण शिक्का घेऊन आलेला माणूस तो न मारता परत जात नाही.

"राणीसाहेब," ते मला म्हणाले, "आपण साक्षीदार. मनोऱ्यात अडकलेली व्यक्ती?"

"हे," मी भाच्याकडे हात केला.

"सोडवणारी व्यक्ती?"

"आमची किल्ली."

"अहो, हे उलटं होतंय!" पलीकडच्या राणीसाहेब ओरडल्या.

"उलटं असेल. खोटं नाही," मी म्हटलं.

साहेबांनी रकाने तपासले. त्यांवर नुसतंच 'व्यक्ती' छापलेलं होतं. त्यांनी नाइलाजानं लिहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "पण मुंडकं? मुंडकं माझ्यासमोर हजर झाल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. मुंडकं कुठाय?"

खिडकीबाहेर पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. ड्रॅगननं तोंड पुसलं, खिडकीतून मान आत घातली आणि आपलं डोकं अगदी अलगद, कप ठेवावा तसं, टेबलावर नोंदवहीशेजारी ठेवलं. बाकीचा तो बाहेर अंगणात होता.

"हजर आहे, साहेब," तो म्हणाला.

दौतीतली शाई उकळायला लागली. साहेबांचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा नाही. भाच्यानं तलवारीसाठी कमरेला हात घातला, ती वर आहे हे त्याला आठवलं, आणि तो मावशीच्या खुर्चीमागे गेला.

मला कधी आवाज चढवावा लागत नाही. तेव्हाही चढवला नाही. मी विचारलं, "साहेब, मुंडकं आपल्यासमोर आहे. नोंद पूर्ण करायला आपली काही हरकत? तीन श्वासांच्या आत सांगावी."

मी एक श्वास घेतला. ड्रॅगननंही घेतला, साहेबांच्या खिशातली तीन पेनं वाऱ्यानं हलली. दुसरा घेतला. साहेबांनी मान हलवली, हात हलवले, गळ्यापाशी काहीतरी खूण केली.

"हावभाव नियमात बसत नाहीत," मी म्हटलं. तिसरा श्वास घेतला. "मौन म्हणजे संमती. नियम आपलाच आहे."

शिक्का बसला. थोडा वाकडा बसला, पण बसला. शेवटच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं: ड्रॅगन, निकाली. म्हणजे आता खात्याच्या हिशेबी तो नव्हताच, आणि जो नाही त्याच्या पंखांना कुलूप कोण घालणार?

मग मी सगळ्यांना जेवायला वाढलं. साहेबांना आवाज यायला दोन वाट्या भात लागला. भाचा पोटभर जेवला आणि जाताना ड्रॅगनला म्हणाला, "माफ करा, दादा." पलीकडच्या राणीसाहेबांनी भात मोकळा झाला नसल्याचं सांगितलं. बाईंचं मन शेवटपर्यंत ढळत नाही, हे मी मान्य करते.

सासूबाईंना दिलेलं वचन असं पुरं झालं. मुलगी मनोऱ्यात बसली, अकरा दिवस, आणि रीतसर शिक्क्यानिशी सुटका नोंदली गेली. कुणाची, ते त्यांनी विचारलं तर सांगेन.

दुसऱ्याच पहाटेची गोष्ट. मी दिवा लावला, पळीभर तेल घातलं आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले तर दारात किल्ली. अंगात जाड कोट, खांद्याला झोळी. झोळीतून पिना, खिळे, तेलाची बुधली डोकावत होती. मागे अंगणात ड्रॅगन, पंख पसरून. आता ते करकरत नव्हते. तिनं त्यांनाही तेल दिलं असावं.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "त्याच्या ताईचं कुलूप काढायचंय. वचन दिलंय मी. तीन डोंगर आहेत, पण उडत जायचं म्हटलं तर फार नाही. काढते आणि येते. तुझी हरकत?"

मी दिव्याकडे बघितलं. तेल अर्ध्याहून जास्त होतं. तिनं वेळ मोजून निवडली होती.

हरकती मला पुष्कळ होत्या. डोंगरावर थंडी असते. त्याला अजून नीट उडता येत नाही. तिला भूक लागलेली कळत नाही. आणि तिथलं कुलूप मोठं असलं तर? एक फुंकर पुरली असती. मी श्वास ओढून घेतला. किल्लीची नजर माझ्या ओठांवर. अंगणात ड्रॅगनचा श्वास थांबला.

मी तो श्वास नाकानं हळूच सोडला. एक. मग दोन. मग तीन.

देवाच्या फळीखाली एक गाठोडं होतं. मी आदल्या संध्याकाळीच बांधून ठेवलेलं. ते काढून मी तिच्या हातात दिलं. तिनं वजन बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पायऱ्या उतरून गेली. ती त्याच्या पाठीवर चढली. ड्रॅगननं मान वळवून मला एकदा नमस्कार केला आणि पंख उचलले.

वाऱ्याचा मोठा झोत दारातून आत आला. ज्योत आडवी झाली. मी पटकन दोन्ही हातांचा आडोसा केला आणि दिवा विझू दिला नाही.